एका हंगामाचे खेळाडू

पावसाळा संपून शाहू स्टेडियमची जमीन घट्ट झाली की कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, असे म्हणायची रीत आहे. पण पेठांमध्ये तो त्याआधीच सुरू झालेला असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या केएसएकडे, खेळाडूंची नोंदणी व्हायची असते आणि त्या दिवसांत कट्ट्यांवर दुसरा विषय नसतो. पाटाकडीलचा कोणता फॉरवर्ड शिवाजी तरुण मंडळाकडे चालला, दिलबहारने कोणाला थांबवून घेतले, प्रॅक्टिस क्लबचा गोलकीपर ठरला का, बालगोपालची मधली फळी यंदा कोण सांभाळणार, खंडोबा तालमीने बाहेरून कोणाला आणले, फुलेवाडीला यावेळी किती पैसे उभे करता आले, याची चर्चा पहिली मॅच होण्याच्या कितीतरी आधीपासून रंगते. वरिष्ठ गटात 16 संघ. त्यातल्या बहुतेकांच्या नावात तालीम किंवा मंडळ आहे आणि प्रत्येकामागे एक पेठ, तिच्या गल्ल्या, तिचा गणेशोत्सव, तिची जुनी माणसे उभी आहेत. त्यामुळे नोंदणी अर्जावरची सही भावकीतल्या वाटणीपत्राइतक्या बारकाईने तपासली जाते. मंगळवार पेठेत वाढलेला पोरगा शिवाजी पेठेच्या जर्सीत दिसला, तर ती बातमी क्रीडापानाच्या बाहेर जाते.

अलीकडे या चर्चेला कडवटपणा आला आहे. जर्सी पेठेची, पण तिच्यातले पाय कोणाचे, असा प्रश्न जुने खेळाडू आणि समर्थक उघडपणे विचारतात. परदेशी, विशेषतः नायजेरियन खेळाडू आता शाहू स्टेडियमला नवे राहिलेले नाहीत. परराज्यांतले आणि परजिल्ह्यांतले खेळाडूही येतात आणि खुद्द शहरातले खेळाडू दरवर्षी या संघातून त्या संघात फिरतात. एक बाजू म्हणते, बाहेरच्यांना बंदी घाला, पेठेचा संघ पेठेलाच खेळू द्या. दुसरी म्हणते, चांगला खेळ पाहायचा असेल तर चांगला खेळाडू कुठूनही आणला पाहिजे, लोक तिकीट काढून येतात ते रेशनकार्डावरचा पत्ता पाहायला येत नाहीत. माझे म्हणणे या दोन्हींपासून दूर आहे. बाहेरचा खेळाडू आणण्यात वावगे काही नाही. बाहेरच्याला काय किंवा घरच्याला काय, फक्त एका हंगामापुरते बांधून ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती कोल्हापूरच्या फुटबॉलला आतून पोखरते आहे. आणि तिच्यावरचा उपाय तालमींच्या आणि केएसएच्या हातात आहे.

तालमीचा संघ उभा राहतो कसा, हे आधी पाहायला हवे. या संघाला मालक नाही, भागभांडवल नाही, प्रक्षेपणाच्या हक्कांचे उत्पन्न नाही. वर्गणी, पेठेतले व्यापारी आणि उद्योजक, जुन्या खेळाडूंची पदरमोड, एखाद्या नेत्याचा हात आणि जिंकलीच तर स्पर्धेची बक्षिसे, एवढ्यावर वर्ष काढायचे असते. ही रक्कम दरवर्षी नव्याने गोळा होते, म्हणून ती दरवर्षी संपवलीही जाते. पैसा देणाऱ्याला याच वर्षी चषक हवा असतो. केएसएची लीग आणि मग एकामागून एक होणाऱ्या चषक स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात आणि त्या काळात संघव्यवस्थापनाची सारी बुद्धी पुढच्या रविवारी अकरा जण कोण, एवढ्यातच खर्च होते. खेळाडूच्या बाजूनेही तीच स्थिती आहे. कोणी कॉलेजात आहे, कोणी उद्यमनगरातल्या कारखान्यात, कोणी दुकानात, कोणाची भरतीची तयारी चालू आहे. परीक्षा आली, पाळी बदलली, गुडघा दुखावला की तो संघाबाहेर. त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण करणार, हे कुठे लिहिलेले नसते. पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेने चार पैसे जास्त दिले तर त्याने जाऊ नये, असे त्याला सांगायचा नैतिक अधिकार मग कोणाला उरतो? त्याला कोणीच दोन वर्षांचा शब्द दिलेला नाही, मग त्याने तरी का द्यावा?

बाहेरून येणारा खेळाडू या व्यवहाराचे टोक आहे. हंगाम सुरू होताना तो येतो, संपताना जातो. तो येतो त्या जागाही साधारण ठरलेल्या असतात. ज्याने गोल करायचे तो आणि ज्याने गोल अडवायचे तो, असे सामन्याचा निकाल फिरवणारे खेळाडू आधी विकत घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. हा मोह एकट्या कोल्हापूरचा नाही. इंडियन सुपर लीग (आयएसएल) 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका संघाचे सहा परदेशी खेळाडू असत. 2017-18 पासून ती संख्या पाचवर आली आणि 2021-22 पासून चारवर. तोवर क्लबांनी आघाडीची आणि बचावाच्या मध्यावरची जागा परदेशी खेळाडूंना देऊन टाकली होती. सुनील छेत्रीने जून 2024 मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली आणि मार्च 2025 मध्ये चाळिशी ओलांडलेली असताना त्याला पुन्हा बोलवावे लागले. शंभर कोटींहून अधिक वस्तीच्या देशाला त्याच्या जागी उभा करायला माणूस सापडेना, याचा संबंध क्लबांच्या भरतीशी आहे. ज्या जागेवर सतरा-अठराव्या वर्षी खेळायलाच मिळत नाही, त्या जागेचा खेळाडू पंचविसाव्या वर्षी तयार कुठून होणार? पेठेतल्या पोराचेही हेच होते. त्याला बाजूची, धावाधावीची जागा मिळते. गोलसमोरची जबाबदारी पाहुण्याकडे असते.

इथे केरळच्या मलबार भागाचा दाखला हमखास दिला जातो. मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत सात-सात जणांच्या ‘सेव्हन्स’ स्पर्धा कित्येक वर्षे चालतात. कापणी झालेल्या शेतांत तात्पुरती गॅलरी उभारून रात्री प्रकाशझोतात सामने होतात, हजारो लोक येतात आणि आफ्रिकेतले खेळाडू सामन्यागणिक मानधन घेऊन खेळतात. 2018 चा ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ हा मल्याळम चित्रपट याच दुनियेवर आहे. तिथे परदेशी खेळाडूंनी फुटबॉल मारला नाही, उलट केरळने 2018 आणि 2022 मध्ये संतोष करंडक जिंकला, मग कोल्हापुरातच ओरड का, असे विचारले जाते. दाखला खरा आहे, पण अर्धा. केरळमध्ये सेव्हन्सच्या बाजूला दुसरी शिडीही आहे. पोलीस, वीज मंडळ, बँका यांचे खात्याचे संघ आहेत, महाविद्यालयीन फुटबॉल जोरात आहे आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या गोकुलम केरळा क्लबने 2020-21 आणि 2021-22 अशी लागोपाठ दोन वर्षे आय-लीग जिंकली. सेव्हन्समध्ये जागा न मिळालेल्या मुलाला तिथे दुसरीकडे जाता येते. कोल्हापूरच्या मुलाला शाहू स्टेडियम सोडले तर पुढची पायरी थेट मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात आहे, आणि ती पायरीही गेल्या पंधरा वर्षांत डळमळली आहे.

किती डळमळली, ते पुण्याकडे पाहिले की कळते. 2007 मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि 2015 मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटीने 2019 मध्ये गाशा गुंडाळला, त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि 2025 मध्ये हैदराबादचा तो संघही दिल्लीला हलला. मुंबईत त्याआधी, 2010 मध्येच, महिंद्र युनायटेड बंद झाला होता. त्यासोबत खेळाडूला नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या संघांचा जुना आधारही खचत गेला. या साऱ्या क्लबांकडे कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीपेक्षा कितीतरी जास्त पैसा होता, प्रशिक्षक होते, करार होते. त्यांच्याकडे नव्हती ती पेठ. मालकाचे गणित बिघडले की संघ मिटवता येत होता, कारण तो मिटला म्हणून रस्त्यावर येणारे कोणी नव्हते. पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. म्हणजे भारतीय फुटबॉलला पैसा ओतूनही जे मिळालेले नाही, ते कोल्हापूरकडे पिढ्यान् पिढ्या आहे, आणि व्यावसायिक क्लबांकडे असलेली कराराची शिस्त इथे नाही. हे दोन्ही एकत्र आणणे अशक्य आहे असे मला वाटत नाही.

कोल्हापूरने घडवलेल्या खेळाडूंचे पुढे काय होते, यासाठी अनिकेत जाधवचे उदाहरण बोलके आहे. 2000 साली कोल्हापुरात जन्मलेला हा रिक्षाचालकाचा मुलगा 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला, पुढे जमशेदपूर आणि हैदराबादकडून आयएसएलमध्ये उतरला. त्याची जडणघडण झाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर तिथल्याच अकादमीत. याचा कोल्हापूरने अभिमान बाळगावाच. पण सामन्याला स्टेडियम भरवणाऱ्या, विश्वचषकाच्या महिन्यात चौकाचौकांत अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक लावणाऱ्या या शहराला स्वतःच्या गुणी मुलाला लहानपणीच पुण्याला पाठवावे लागते, हे विसरता येत नाही. तो शहरातच राहिला असता तर एखाद्या तालमीने त्याच्यावर पाच-सहा वर्षे मेहनत घेतली असती, असे आजच्या पद्धतीत कोण सांगू शकेल? तालमीला ती मेहनत परवडत नाही. आज घडवलेला मुलगा उद्या शेजारच्या पेठेत जाणार आणि आपल्याला एक रुपयाही मिळणार नाही, हे ठाऊक असताना बारा वर्षांच्या मुलांचा संघ कोण सांभाळेल?

हीच गोष्ट कबड्डीत आणखी स्पष्ट दिसते. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला प्रो कबड्डीच्या 2018 च्या लिलावात यू मुंबाने 36.4 लाखांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. ग्रामीण कोल्हापुरातल्या पोराच्या अंगच्या ताकदीला हा भाव मिळाला, याचा आनंद निखळ आहे. पण प्रो कबड्डीच्या लिलावात बोलीची रक्कम हे खेळाडूचेच मानधन असते. त्यात विकणारा कोणी नसतो. त्यामुळे ज्या गावच्या मातीत आणि मंडळांत हे खेळाडू उभे राहतात, ती मंडळे या हिशेबात कुठेच येत नाहीत. फुटबॉलने याचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर बदलीच्या रकमेतील 5 टक्के भाग त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. बारा ते पंधरा या चार वर्षांना त्या भागाचे प्रत्येकी 5 टक्के, पुढच्या आठ वर्षांना प्रत्येकी 10 टक्के. लहान क्लबाच्या वहीत नुसते नाव आणि वर्ष नोंदलेले असले तरी पैसा मागे येतो.

बंदीवाद्यांचा आवडता दाखला स्पेनच्या अॅथलेटिक बिलबाओचा आहे. 1898 मध्ये स्थापन झालेला हा क्लब बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडूच घेतो. तरीही रेआल माद्रिद आणि बार्सेलोना यांच्या जोडीने तो पहिल्या श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही आणि 2024 मध्ये 40 वर्षांनी त्याने कोपा देल रे जिंकला. पेठेचा संघ पेठेचाच, ही कल्पना यापेक्षा भव्य रूपात कुठे पाहायला मिळेल? मात्र बिलबाओकडे पाहताना दोन गोष्टी नजरेआड होतात. एक म्हणजे बास्क प्रदेशात लाखो लोक राहतात. एका पेठेतून दरवर्षी दर्जेदार गोलकीपर निघेल, ही अपेक्षा रास्त नाही. त्यामुळे हद्द आखायचीच असेल तर ती पेठेची न आखता कोल्हापूर जिल्ह्याची आखली पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. बिलबाओ तगून राहिला तो नुसत्या अभिमानावर नाही. 1971 पासून लेझामा इथे त्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या मुलांशी त्याचे पक्के करार असतात. 2018 मध्ये लापोर्त मँचेस्टर सिटीकडे गेला तेव्हा 65 दशलक्ष युरो आले, केपा चेल्सीकडे गेला तेव्हा 80 दशलक्ष. करार नसता तर दोघेही फुकट गेले असते आणि अभिमान तेवढा उरला असता.

कराराची गोष्ट काढली की ठरलेला आक्षेप येतो. ही हौशी मुले आहेत, त्यांना कागदात कशाला अडकवता, आणि पैसा उघड केला तर खेळातली निष्ठा जाईल. हाच वाद इंग्लंडमध्ये 1895 मध्ये झाला आहे. रग्बी तेव्हा अधिकृतपणे हौशी खेळ होता. उत्तरेकडच्या गिरण्या आणि खाणींच्या गावांतले खेळाडू शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, अशी त्यांच्या क्लबांची मागणी होती. दक्षिणेच्या सुखवस्तू मंडळींनी ती निष्ठेच्याच नावाखाली फेटाळली. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब एकत्र आले, वेगळे झाले आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून सहा शिलिंग देणे त्यांनी मान्य केले. आज रग्बी लीग म्हणून ओळखला जाणारा तेरा जणांचा खेळ यातूनच जन्मला. पुढे 1898 मध्ये त्यांनी मानधन उघडपणे मान्य केले, पण खेळाडूला रीतसर कामधंदा असला पाहिजे, अशी अट घातली. गावाचा क्लब, कामगार खेळाडू आणि लिखित पैसा या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या गावांनी दाखवून दिले. विगन, सेंट हेलेन्स यांसारखे गावांचे क्लब आजही उभे आहेत. उद्यमनगरातल्या पोराचा प्रश्न त्या खाणकामगाराच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. पैसा त्याला आजही मिळतो, फक्त लिखित स्वरूपात मिळत नाही, आणि न लिहिलेल्या पैशाबरोबर कोणताही हक्क येत नाही.

दुसरा आक्षेप खेळाडूच्या स्वातंत्र्याचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. दोन-तीन वर्षांची नोंदणी सक्तीची केली तर गरीब मुलगा एखाद्या तालमीच्या दावणीला बांधला जाईल, बाकावर बसवून त्याची वर्षे वाया घालवली जातील. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये बॉस्मन निकालात करार संपलेल्या खेळाडूला अडवण्याचा क्लबांचा हक्क काढून घेतला, तोही खेळाडूच्या स्वातंत्र्यासाठीच. म्हणून मुदत दोन हंगामांहून जास्त नसावी, मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही असावी, दुखापतीचा खर्च त्या मुदतीत तालमीवर असावा आणि ठरावीक संख्येने सामन्यांत खेळवले नाही तर खेळाडू आपोआप मोकळा व्हावा. इतके असेल तर करार खेळाडूलाही आधार देतो. आणि तो मुदतीआधी दुसऱ्या तालमीकडे गेला, तर नव्या तालमीने जुन्या तालमीला आणि त्याला लहानपणी खेळवणाऱ्या मंडळाला किंवा शाळेला ठरलेली रक्कम द्यावी. कोल्हापूरच्या शालेय फुटबॉलने, महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी, वर्षानुवर्षे जे खेळाडू वरिष्ठ संघांच्या हवाली केले त्याची परतफेड यातून थोडी तरी होईल.

नियम केले तरी पळवाटा निघतील, हेही खरे आहे. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये क्लबांच्या एकूण मानधनावर मर्यादा आहे. मेलबर्न स्टॉर्मने दुहेरी हिशेब ठेवून ती मोडली, तेव्हा 2010 मध्ये त्या क्लबची 2007 आणि 2009 ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. ज्या देशात लेखापरीक्षक आणि वकील ताफ्याने आहेत तिथे असे घडते, तर इथे काय होईल, असे कोणी म्हणेल. पण त्या प्रकरणाचा मला दिसणारा अर्थ वेगळा आहे. मानधनाची मर्यादा सांभाळायला प्रत्येक रुपयावर नजर ठेवावी लागते. नोंदणीच्या मुदतीला आणि मोबदल्याला तसे काही लागत नाही, कारण कोण कोणत्या संघाकडून उतरला हे शाहू स्टेडियमवर हजारो लोक डोळ्यांनी पाहतात. इथे कुठल्या खेळाडूने कोणत्या साली कोणाची जर्सी घातली, याची नोंद समर्थकांच्या डोक्यात केएसएच्या दप्तराइतकीच पक्की असते.

परदेशी खेळाडूंबद्दलही याच दृष्टीने ठरवता येईल. त्यांची संख्या वाढवू नये, पण त्यांना हाकलूही नये. दोन हंगामांसाठी आलेला नायजेरियन फॉरवर्ड सकाळी पेठेतल्या पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर सराव करू शकतो, त्यांना चेंडू अंगाने कसा झाकायचा हे शिकवू शकतो. सामन्याच्या आदल्या दिवशी उतरणाऱ्या पाहुण्याकडून ते होणार नाही. त्याला माणूस म्हणूनही हे बरे, कारण परक्या शहरात मुदतीची, पैशाची आणि राहण्याची खात्री नसलेला खेळाडू पहिल्या दुखापतीनंतर अगदी एकटा पडतो.

राहिला प्रश्न देणगीदारांचा, ज्यांना याच वर्षी चषक हवा आहे. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. पेठेची ईर्ष्या नसती तर हा खेळ इतकी वर्षे चाललाही नसता. पण शहरात चषक स्पर्धा अनेक आहेत, त्यांची बक्षिसे राजकीय आणि सामाजिक नेतृत्वाकडून येतात, आणि बक्षीस कशासाठी द्यायचे हे देणाऱ्याच्या हातात असते. विजेतेपदाच्या जोडीला स्वतःच्या लहान गटातून आलेल्या खेळाडूंना हंगामात सर्वाधिक मिनिटे खेळवणाऱ्या संघालाही तेवढीच रक्कम ठेवली, तर संघव्यवस्थापनाचे गणित त्याच वर्षी बदलेल. कोल्हापूरचेच मालोजीराजे छत्रपती 2022 पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर आहेत. राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षणाच्या मोबदल्याचे नियम कसे चालतात, हे केएसएला समजून घ्यायला आता दूर जावे लागत नाही. सगळे एकदम करण्याचीही गरज नाही. पहिल्या वर्षी दोन हंगामांची नोंदणी फक्त अठरा वर्षांखालील खेळाडूंना लागू करावी, त्यांच्या बदलीचा मोबदला माफक ठेवावा आणि वरिष्ठ गटात खेळणाऱ्या प्रत्येक तालमीला सोळा वर्षांखालील एक संघ नोंदवणे बंधनकारक करावे. हा संघ आधी दोन तालमींनी मिळून चालवला तरी हरकत नसावी. वरिष्ठ खेळाडूंच्या सह्यांना हात लावायची वेळ त्यानंतर दोन-तीन वर्षांनी येईल, आणि तोवर या मुलांपैकी काही जण वरिष्ठ संघाच्या यादीत आलेले असतील.